तीन हंगामांत गुंडाळलेला संघ

आज जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी सहज बोलून गेला, की टेक्सासमधल्या आमच्या फोर्ट वर्थमध्ये लॅक्रॉस (टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) पाहणार तरी कोण होते, तो संघ बंद पडला तेच बरे झाले. त्याला तेव्हा काही बोललो नाही, पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही.

पँथर सिटी लॅक्रॉस क्लब हा आमच्या शहराचा संघ होता. हे गाव इतके सुस्त की भर रस्त्यात पँथर झोपलेला आढळला, अशी टर १८७५ साली डॅलसच्या एका वृत्तपत्रात उडवली गेली, आणि गावाने तोच पँथर अभिमानाने मिरवायला घेतला, अगदी पोलिसांच्या बिल्ल्यावरसुद्धा. ते नाव लावून डिसेंबर २०२१ मध्ये मैदानात उतरलेला संघ २०२४ च्या उन्हाळ्यात बंद झाला आणि खेळाडू इतर संघांनी वाटून घेतले.

डिकीज अरेना या संघाच्या घरच्या मैदानातील एका सामन्यानंतर एक खेळाडू कठड्यापाशी आला, त्याने आपली काठी माझ्या मुलीच्या हातात दिली आणि जाळीतला चेंडू धावताना कसा सांभाळायचा ते शांतपणे दाखवले. सोमवारी कॅनडात शाळेत शिकवायला हजर व्हायचे असल्याने त्याला विमान गाठायचे होते, तरीही त्याने घाई केली नाही. हा संघ ज्या नॅशनल लॅक्रॉस लीगमध्ये खेळायचा, तिथले बरेच खेळाडू असेच आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी खेळतात. मुलीने दुसऱ्याच दिवशी काठी मागितली.

अशा मुलांना खेळाची गोडी लावायची आणि तिसऱ्या वर्षी कुलूप लावायचे, याला काय म्हणावे? उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी होडेनोशोनी लोकांनी जो खेळ शतकानुशतके देवाची देणगी म्हणून जपला, त्याला एका नव्या शहरात रुजायला तीन हिवाळे पुरतील, असे कोणत्या हिशेबाने ठरवले गेले? एका हंगामात घरच्या मैदानावर जेमतेम नऊ सामने होतात. तेवढ्यात नियमही नीट अंगवळणी पडत नाहीत. त्याच वर्षी याच लीगमधला न्यूयॉर्कचा रिपटाइड संघही कॅनडातल्या ओटावाला हलवला गेला. शहरे म्हणजे काही भाड्याच्या खोल्या नव्हेत.

खुर्च्या रिकाम्या असत, हे खरे आहे, आणि पैसे मालकांचे होते, हेही मान्य.

पण त्या कठड्यापाशी उभ्या असलेल्या खेळाडूचा विचार केला की राग ओसरतो. त्याने आपले काम पूर्ण केले होते. मुलगी अजून खेळते, आणि २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला लॅक्रॉस ऑलिंपिकमध्ये परतेल तेव्हा ते सामने पाहायला जायचे तिने आतापासूनच ठरवले आहे.

टेक्सासमध्ये पुन्हा संघ आला तर आम्ही तिकिटे नक्की काढू. मात्र नव्या संघाला परवानगी देताना लीगने मालकाकडून निदान दहा वर्षे त्याच शहरात राहण्याची लेखी हमी घ्यावी, आणि तशी हमी देता येत नसेल त्याने आमच्या मुलांना जर्सी विकायला येऊ नये.