यीस्टमधले नॅरिंजेनिन आणि मावशीचे इन्सुलिन

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने सलग दोन दिवस इन्सुलिन घेतले नाही. कारण विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. संत्र्या-पपनसांतील नॅरिंजेनिन हे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत तयार होणारे एक प्रकारचे संयुग) आता जनुके बदललेल्या यीस्टकडून बनवतात, ते खाल्ले की परकी जनुके आपल्या डीएनएत शिरतात, ते कृत्रिम विष आहे, त्याने शेतकरी बुडेल, आणि अशा यीस्टपासून बनलेले प्रत्येक औषध आजच बंद करावे, असा तो संदेश होता.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याने माणूस दगावू शकतो. यीस्टपासून इन्सुलिन बनते हे खरे आहे आणि ते कोणी लपवलेले नाही; खोक्यावर ‘आर-डीएनए ओरिजिन’, म्हणजे जनुके बदललेल्या जीवाकडून बनवलेले, असे छापलेले असते. पूर्वी हेच औषध डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि पुढे यीस्टही त्या कामी आले. हिपॅटायटिस-बीची यीस्टमध्ये तयार होणारी लस 1986 पासून वापरात आहे. मग हा संदेश मानणाऱ्या घरातल्या बाळाने लसही घ्यायची नाही काय? तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीची उपाशीपोटीची साखर 310 भरली. संदेश पुढे ढकलणाऱ्या एकानेही तिच्या प्रकृतीची चौकशी केली नव्हती.

जनुके शरीरात शिरण्याची भीती निराधार आहे. आपण भाकरीबरोबर ज्वारीची आणि पावाबरोबर यीस्टची जनुके रोजच खातो व पचवतो. शिवाय येथे यीस्ट खायचे नसतेच. 2012 मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपाची जनुके आणि एका जिवाणूचे एक जनुक बेकरीच्या यीस्टमध्ये घालून, साध्या ग्लुकोजपासून नॅरिंजेनिन मिळवल्याचे सविस्तर प्रसिद्ध केले. ते पेशींच्या बाहेरच्या द्रवात साठत होते, म्हणजे पेशी गाळून वेगळ्या करता येतात. लिटरमागे उत्पादन होते 100 मिलिग्रॅमहून थोडेसेच अधिक.

विषाचा आरोप तर टिकतच नाही. यीस्ट फेनिलअ‍ॅलनिन आणि टायरोसीन या स्वतःच्याच अमिनो आम्लांपासून सुरुवात करते आणि वनस्पतीची विकरे (एन्झाइम) वनस्पतीच्याच क्रमाने पुढच्या पायऱ्या उरकतात. हाती येणारा रेणू पपनसातलाच असतो. तो कितपत गुणकारी आहे हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो फळातून काढलेल्या नॅरिंजेनिनलाही तितकाच लागू पडतो.

शेतकऱ्याविषयीची काळजी मात्र मला पूर्णपणे झटकता येत नाही. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या नीळ-लागवडीला उतरती कळा लागली. ज्या पिकाचा सगळा भाव एकाच रेणूवर ठरतो, त्याच्या शेतकऱ्याने यीस्टकडे लक्ष ठेवलेच पाहिजे. पण नॅरिंजेनिनसाठी नागपूरकडे कोणी संत्र्याची बाग लावत नाही. तेथे भाव फळाला मिळतो, आणि फळ यीस्टच्या टाकीत तयार होत नाही.