गोल्फचा ड्रायव्हर कापायची घाई नको

‘४६ इंचांपेक्षा लांब ड्रायव्हरवर (लांब फटक्याच्या गोल्फ काठीवर) बंदी आलीय, शाफ्ट म्हणजे दांडा कापून घ्या’ असा मेसेज बेळगावातल्या आम्हा हौशी गोल्फवाल्यांत फिरतोय. तो अर्धवट आहे. ४६ इंचांचा नियम जानेवारी २०२२ पासूनचा, आणि तोही आयोजकांनी लावला तरच. मुळात तो व्यावसायिकांच्या आणि अव्वल हौशी खेळाडूंच्या स्पर्धांसाठी केलाय. एरवी मर्यादा ४८ इंचांचीच. अमेरिकी गोल्फपटू फिल मिकल्सननं २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा जिंकली ती ४७.९ इंची ड्रायव्हर घेऊन.

टिळकवाडीतल्या एका मित्रानं मात्र कापलाच! आता ड्रायव्हरचं डोकं हलकं लागतंय म्हणून त्यावर शिशाची पट्टी चिकटवत बसलाय. माझा ४५ इंची. त्याहून लांब ड्रायव्हर घेतला की माझा चेंडू लांब कमी आणि झुडपात जास्त जातो.