मला त्या पाणी शेंदणाऱ्या बाईचा गेम हवाय

सकाळी भाच्याने लिंक पाठवली. "आत्या, तुझा गेम!!! ट्रेलर बघ लवकर!!!" आणि खाली आगीच्या इमोजी, मोजल्या नाहीत पण पुष्कळ होत्या. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत, एक पाय चपलेत एक बाहेर, तशीच दारात उभी राहून बघितला, आणि तेव्हा जे डोकं फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही. म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा ट्रेलर. त्यात ढोल, भाले, घोडे, पेटते बाण, कुणीतरी दाढीवाला डोंगरावर उभा राहून ओरडतोय, आणि हो, ड्रॅगन. ड्रॅगन!! मध्येच कुठेतरी एक बाई विहिरीवर येते, हाताला फडकं गुंडाळते आणि पोहरा खाली सोडते. चार सेकंद. मी परत परत मागे घेऊन मोजलेत. पाचव्या सेकंदाला तिचं गाव पेटतं आणि बाई गायब. मग काळा पडदा, गेमचं नाव आणि त्याखाली "पुढच्या वर्षी येतोय". म्हणजे तारीख पण पुढे ढकलली, ती पण अशी गुपचूप.

नाव घेत नाही, फॅन मंडळी अंगावर येतील. पण हा तोच गेम आहे ज्याचा दोन वर्षांपूर्वी अकरा मिनिटांचा व्हिडिओ आला होता आणि त्यात एक माणूस अकराच्या अकरा मिनिटं घराचं छप्पर शाकारत होता. पेंढा आणायचा, जुड्या बांधायच्या, शिडीवर चढायचं, एक जुडी घसरून खाली पडली की शिव्या घालत परत उतरायचं. बस. संगीतसुद्धा नव्हतं, फक्त वारा आणि लांबून कोंबड्या. मी त्याच रात्री विशलिस्टमध्ये, म्हणजे आला की घ्यायच्या यादीत, टाकला आणि बाबांना दाखवला. त्या वेळी ते माझ्याकडेच होते.

बाबांचं सांगायलाच हवं, नाहीतर मी एवढी का चिडलेय ते कळायचं नाही. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, दोन महिने फार हालचाल करायची नाही, हॉलमध्ये पलंग टाकला होता. टीव्ही बघायचा त्यांना मनापासून कंटाळा. रात्री मी शेजारी खुर्ची ओढून लॅपटॉपवर मिडिव्हल डायनॅस्टी खेळायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युद्धातून पळून आलेला एक तरुण मुलगा काकाच्या गावी पोचतो, काका वारलेला असतो, आणि मग हा कुऱ्हाड बनवतो, झोपडी बांधतो, शेत खणतो, दुसऱ्या गावात शेकोटीजवळ बसलेल्या लोकांशी गप्पा मारून त्यांना आपल्या गावात राहायला बोलावतो. लग्न होतं, मूल होतं, माणूस म्हातारा होऊन मरतो आणि पुढे मुलगा सूत्रं हातात घेतो. एवढाच गेम.

पहिले तीन-चार दिवस बाबा नुसते बघत होते. मग एकदा म्हणाले, "हा सारखा झाडंच का तोडतोय गं?" म्हटलं, थंडीत प्रत्येक घराला सरपण लागतं, नसलं की लोक नाराज होतात. "मग हिशेब कुठे लिहितेस?" मी म्हटलं, हिशेब कशाला लिहायचा, गेममध्ये आकडा दिसतो की. माझ्याकडे असे बघितले जसं काही मी घर विकून आलेय. आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलेला माणूस! दुसऱ्या दिवशी आईकरवी वही मागवली. रेघा मारल्या. जमा, खर्च, शिल्लक. गेममधल्या सरपणाचा!

असो, ट्रेलरकडे येते.

मला प्रश्न असा पडतो की ही माणसं मध्ययुग म्हटलं की तलवारच का काढतात? भाचा म्हणतो, आत्या, विहिरीतून पाणी काढायला कोण पैसे देणार? अरे, मी देणार! आणि माझ्यासारखे खूप आहेत. मॅनर लॉर्ड्स बघा, एका माणसाने सुरू केलेला गेम, यायच्या आधी 30 लाखांहून जास्त लोकांनी विशलिस्टमध्ये टाकून ठेवलेला, 26 एप्रिल 2024 ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आला आणि एका दिवसात 10 लाख कॉपी गेल्या. आता त्यात लढाया आहेत, मान्य. पण जो खेळलाय त्याला विचारा सगळ्यात आधी काय आठवतं. बैल! सुरुवातीला गावात एकच बैल असतो, ओंडके ओढायला तोच, आणि तो जंगलाच्या टोकाला गेलेला असला की सगळं बांधकाम हात बांधून बसतं. मी त्या बैलाची जेवढी वाट बघितलीये तेवढी कुठल्या माणसाची बघितली नसेल. तिथे शत्रू नसलेला एक पर्याय आहे, मी दर वेळी तोच घेते.

आणि किंगडम कम. आता म्हणाल तो तर सरळसरळ तलवारीचा गेम आहे. आहेच. 1403 चा बोहेमिया, लोहाराचा मुलगा, गावावर हल्ला, सूड, सगळं आहे. पण त्या पोराला सुरुवातीला वाचता येत नाही! पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी दिसतात, शब्दच लागत नाहीत. मग एका लेखनिकाकडे जाऊन शिकायचं, आणि सराव होत गेला की तीच पानं हळूहळू नीट दिसायला लागतात. त्या गेममधल्या कुठल्याच लढाईने माझ्या पोटात असं हललं नाही जसं पहिलं आख्खं वाक्य वाचता आल्यावर हललं. बनवणाऱ्यांना कळतं हो काय मोलाचं आहे. कळतं, आणि तरी ट्रेलरमध्ये घोडेच उधळतात.

ठीक आहे, घोड्यांवर गेम विकला जातो, पगार द्यायचे असतात. कळतं मला. पुढे.

मी या गेमची वाट दोन वर्षं बघतेय असं वर लिहिलं पण खरं म्हणजे 2011 पासून बघतेय. त्या मार्चमध्ये द सिम्स मिडिव्हल आला होता. सिम्स म्हणजे माणसाला उठवा, खाऊ घाला, कामाला धाडा, तेच, पण राजाराणीच्या काळात. यायच्या आधी मी कित्येक महिने एकेक फोटो साठवत होते. आणि चांगला होता तो, उगाच नावं ठेवणार नाही. वैद्य होऊन रोग्याला जळवा लावायच्या, लोहार होऊन चिलखत ठोकायचं, आणि नेमून दिलेली कामं वेळेत केली नाहीत तर खोड्यात अडकवून ठेवायचे! पण घरं ठरलेली, आपल्याला फक्त सजवता येणार, भिंत हलवता येणार नाही. सगळं मोहिमांमध्ये बांधलेलं. आणि मुलं मोठीच होत नाहीत, वर्षानुवर्षं पोर तेवढंच. मी एका लोहारणीचा संसार थाटला होता, तिची मुलगी भात्यापाशी उभी राहिली की वाटायचं आता ही कधीतरी घण उचलेल. नाही उचलला. तेव्हापासून वाट बघतेय की कुणीतरी असा गेम करेल ज्यात ती मुलगी घण उचलेल.

त्यात डायनॅस्टीने बरीचशी भूक भागवली. आणि बाबांनी.

तर सांगत होते, वही. वहीत बाबांनी गावातल्या लोकांची नावं पण लिहायचा प्रयत्न केला, पण ती सगळी स्लाव्ह वळणाची नावं, जीभ वळेना, मग आपापली नावं पाडली. टकल्या शिकारी. भांडकुदळ जोडपं. आणि लाल रुमालवाली. ही बाई मी लाकडाच्या शेडमध्ये कामाला ठेवली होती, बाबांची लाडकी, कारण वहीतली सगळी जमा बाजू हिच्या जिवावर. मग मला सुचलं की जवसाचं कापड विणून विकलं तर पैसा चांगला सुटतो. हिला तिकडून उचललं आणि शिवणावर बसवलं. बाबा म्हणाले, लाकूड कमी पडेल. म्हटलं नाही पडणार. म्हणाले, मी लिहून दाखवतो. त्यांनी लिहून दाखवलं, मी बघितलंसुद्धा नाही.

डायनॅस्टीत ऋतू तीन दिवसांचा असतो. हिवाळ्याच्या दुसऱ्या दिवशी सरपण संपलं. लाल रुमालवाली गाव सोडून गेली. म्हणजे काही रडारड नाही, एक ओळीची सूचना येते कोपऱ्यात, आणि तुम्ही जाऊन बघता तर घर रिकामं.

बाबांनी वही मिटली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला परत आणता येईल का?"

म्हटलं, नाही बाबा. गेली ती गेली.

हे मी इतक्यांदा सांगितलंय की घरचे आता उठून जातात. पण मला सांगा, कुठल्या ड्रॅगनने माझ्या बाबांना असं गप्प केलं असतं?

बरं, आता कुणीतरी कमेंट करणारच की ताई तुम्ही गरिबीचं कौतुक करताय, त्या काळात माणसं उपाशी मरायची. हो मरायची. 1315 पासून युरोपात पाऊस थांबला नाही, पीक कुजलं, दोन-तीन वर्षं लोकांचे हाल कुत्रं खाईना. मला तिथे जाऊन राहायचं नाहीये. खेळायचंय.

आणि मारामारीच हवी ना तुम्हाला? मग जात्याची मारामारी घ्या! इंग्लंडात सेंट ऑल्बन्सला मठाची पाणचक्की होती आणि गावाने दळण तिथेच आणायचं असा मठाचा हट्ट, कारण प्रत्येक दळणामागे थोडं धान्य मठाच्या कोठारात. लोक घरातच हातजात्यावर दळायला लागले. 1331 च्या सुमाराला मठाधिपतीने घराघरातली जाती उचलून नेली, आणि नेऊन काय केलं, तर आपल्या बैठकीच्या खोलीत त्यांची फरशी केली! रोज लोकांच्या जात्यांवरून चालायचा. हा माणूस एरवी प्रचंड हुशार, आकाशातल्या ग्रहांची गती दाखवणारं घड्याळ बनवणारा, आणि स्वतः लोहाराचा मुलगा. पन्नास वर्षं ती जाती तशीच जमिनीत. मग 1381 चा शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा गावकरी आत घुसले, फरशी उखडली आणि त्या दगडांचे तुकडे करून चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे एकमेकांना वाटले. पन्नास वर्षांत आजोबा जाऊन नातू आले असतील, पण आपलं जातं कुणी नेलं ते घराघरात माहीत होतं.

याचा गेम करा ना कुणीतरी. रात्री दार लावून दळायचं, घरघर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून जात्याखाली घोंगडी टाकायची, शेजारीण चुगली करेल का याचा अंदाज घ्यायचा. मी आजन्म खेळेन.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाच्याला मी फार वाईट मेसेज टाकला. त्यात "तुमच्या पिढीला" वगैरे शब्द होते. त्याचा रिप्लाय आला, "आत्या मला वाटलं तुला आवडेल. मी पण वाट बघत होतो, आपण दोघं मिळून खेळणार होतो ना." आता काय बोलणार. बारावीतलं पोर, त्याने माझ्यामुळे हा गेम लक्षात ठेवला, ट्रेलर आल्या आल्या पहिल्यांदा मला पाठवला. सॉरी म्हटलंय. त्याला ड्रॅगन आवडला हे पण त्याने घाबरत घाबरत सांगितलं. आवडू दे बाबा. तू ड्रॅगन मार, मी मागे सरपणाचं बघते.

संध्याकाळी विशलिस्ट उघडली, काढून टाकायच्या तयारीत. बटणावर बोट ठेवलं आणि तो छप्पर शाकारणारा माणूस आठवला. तो व्हिडिओ बनवणारी माणसं त्या कंपनीत अजून असतील का? ती चार सेकंदांची विहीर तरी त्यांचीच असणार, कारण त्या बाईने हाताला फडकं गुंडाळलं होतं, दोर घासतो म्हणून. ज्याला ड्रॅगनशिवाय काही सुचत नाही त्याला हे फडकं सुचणार नाही. राहू दिला.

खरी पंचाईत वेगळीच होती. बाबा आता त्यांच्या घरी आहेत, पाय ठणठणीत, वय 76, आणि दर रविवारी फोनवर विचारतात, "आला का गं तो छपराचा गेम?" त्यांना "पुढच्या वर्षी" सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. पहिल्यांदा सांगितलेली तारीख तर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलीये त्यांनी. ऑफिसमधून सरळ तिकडेच गेले. बाबा तारीख पुढे गेली, म्हटलं. एवढंच, ड्रॅगनचं बोललेच नाही.

"बरं," म्हणाले. "मग तोवर जुन्यात नवीन गाव घे. पहिल्या दिवसापासून नीट लिहू."

मी लॅपटॉप लावेपर्यंत ते आतून वही घेऊन आले, उलटी करून मागच्या पानापासून रेघा मारल्या, वर आजची तारीख घातली, आणि पहिल्या ओळीत लिहिलं: सरपण, आरंभीची शिल्लक, शून्य.