सहा फुटांवरून हंबरडा

कबूल, २०२० साली करोनामुळे मालिकावाल्यांचा नाइलाज होता. एक तृतीयांश माणसांत सेट चालवायचा, मिठी बंद, पासष्टीपुढचे कलाकार घरी. ही वयाची अट ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली, तोवर मालिकांतल्या आज्या काशीयात्रेला! पण म्हणून रडणं इतकं खोटं?

मुलगी सहा वर्षांनी माहेरी येते, आई दाराशी, आणि दोघी एका फ्रेममध्ये कधीच नाहीत. क्लोजअप वेगवेगळ्या वेळी घेतलेले. अहो, समोर आई नसेल तर निदान कॅमेऱ्याशेजारच्या स्टँडवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला टेपचा तुकडा चिकटवा! नाहीतर मुलगी आईच्या कानामागच्या भिंतीकडे बघून हंबरडा फोडते. समोरचे संवाद वाचायलाही कुणी नाही, म्हणून प्रतिक्रिया अर्धा सेकंद उशिरा. ती फट झाकायला तोच चेहरा तीनदा, वर ढॅणढॅण. लांब लेन्स (ती मागचं-पुढचं अंतर कमी भासवते) लावून दोघींना तिरक्या रेषेत उभं केलं असतं, तर सहा फुटांचं अंतर राखूनही त्या गळ्यात पडल्यासारख्या दिसल्या असत्या.

एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं, तर मालिका बिऱ्हाडासकट गोव्याला. घर म्हणे देशावरचं, खिडकीबाहेर माडांची रांग.