हे गाणं लग्नात लावू नका रे बाबांनो

आज एका रिसेप्शनला गेलो होतो. नवरा-नवरी आले, धूर सोडला, दिवे मंद केले आणि डीजेने लावलं काय? अमेरिकन गायक पर्सी स्लेजचं 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन'! शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती गोड." डोकंच फिरलं.

अरे, शब्द ऐकता का कुणी? बाईच्या प्रेमात पडलेला गाण्यातला पुरुष तिच्यापायी शेवटचा पैसा उधळतो. ती म्हणेल तर पावसात झोपेल. जिवलग मित्र तिच्याबद्दल वाकडं बोलला तर त्याच्याकडेही पाठ फिरवेल. आणि ती त्याला खेळवत असेल, तर ते सगळ्यात शेवटी त्यालाच कळणार. हा प्रेमाचा पंचनामा आहे, आणि आपण त्यावर केक कापतो.

तो जिवलग मित्र म्हणजे मी. हॉस्टेलला माझा रूम पार्टनर मेसचे पैसे तिच्या मोबाइल रिचार्जवर घालवायचा आणि माझ्या डब्यात जेवायचा. एकदाच बोललो, "ती तुला वापरतेय." त्या दिवसापासून अबोला. एका खोलीत राहून!

हो, गाण्यात बाईची बाजू नाहीच, मान्य. पुढे.

हे गाणं 1966चं, अमेरिकेतल्या अलाबामातलं. पर्सी दिवसा हॉस्पिटलात रुग्णांची सेवा करायचा, शनिवार-रविवारी बँडमध्ये गायचा. आपली मैत्रीण सोडून गेली त्या दुःखातून हे सुचलं, असं तोच सांगायचा. पण गीतकार-संगीतकार म्हणून नावं लागली बँडमधल्या दोघा सोबत्यांची, कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राइट यांची. श्रेय मीच त्यांना देऊन टाकलं, असंही त्याचं म्हणणं. गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. गाण्यातला माणूस शेवटचा पैसा देतो, याने अख्खं गाणंच दिलं! आमचा रूम पार्टनर याच्याच जातकुळीतला.

1991मध्ये मायकल बोल्टनने तेच गायलं, तेही पहिल्या नंबरवर. गळा तयार आहे त्याचा, नाही कशाला म्हणू? पण तो गातो ते सगळं कळून चुकलेल्या माणसासारखं. पर्सीला अजून कुणी सांगितलेलंच नाही असं वाटतं. मागे स्पूनर ओल्डहॅमचा ऑर्गन चर्चमध्ये असल्यासारखा वाजतोय, आणि हा भाबडा गातोय.

आणि एक जागा आहे. सुरुवातीपासून 'पुरुष असा वागतो, तसा वागतो' चाललेलं असतं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. मग मध्येच तो 'मी'वर येतो. होतं नव्हतं ते सगळं दिलं म्हणतो, आणि तिला विनवतो की माझ्याशी वाईट वागू नकोस. तिथे माझा राग दर वेळी उतरतो. रूम पार्टनरही असंच बोलायचा, "प्रेमात माणसाचं असं होतं रे." 'माझं असं झालंय' हे कधीच तोंडातून निघालं नाही. निघालं असतं तर मी पुढचं बोललोही नसतो कदाचित.

त्याने तिच्याशीच लग्न केलं. सुखात आहेत म्हणे. असू देत. रिचार्जचं मी बोललो ते खरंच होतं.

लग्नात सोलच (या गाण्यासारखं अमेरिकन कृष्णवर्णीयांचं भावुक संगीत) लावायचं तर अल ग्रीनचं 'लेट्स स्टे टुगेदर' लावा ना. सुखात-दुःखात एकत्र राहू म्हणतोय बिचारा, आणखी काय हवं? येत्या सीझनला ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी गाण्यांची यादी इनबॉक्समध्ये पाठवा. फुकट तपासून देतो.