रिमोट कंपनीत नोकरी म्हणजे दिवसभर लिहीत बसणं

"तुझं काय बाई, घरी बसून पगार" हे मी गेल्या सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालायचं सोडूनच दिलं. पण एकदा लिहूनच टाकते, कारण वर्क फ्रॉम होम आणि पूर्ण रिमोट कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लोकांना पटतच नाही. 2020 मध्ये सगळ्यांनी जे केलं ते म्हणजे ऑफिसच उचलून घरी आणलं, तेच तास, तेच मॅनेजर, फक्त मीटिंग व्हिडिओवर. आमच्याकडे ऑफिस कधी नव्हतंच. टीम पाच टाइमझोनमध्ये पसरलेली. सगळे एकाच वेळी जागे असतात असा तास दिवसात जेमतेम एक सापडतो, आणि मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं युरोपच्या आधी पुढे सरकतात तेव्हा दोनतीन आठवडे तोही गडबडतो, दरवर्षी कोणीतरी रिकाम्या मीटिंगमध्ये एकटाच बसलेला असतो (दोनदा मीच).

मी रुजू झाले तेव्हाचा किस्सा. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, नवा कोड चढत (डिप्लॉय होत) नव्हता, मी एका सहकाऱ्याला स्लॅकवर, म्हणजे आमच्या कामाच्या चॅटवर, लिहिलं, "डिप्लॉय अडकलंय, बघतोस का?" आणि वाट बघत बसले. तो माझ्या नऊ तास मागे, गाढ झोपेत. मी झोपल्यावर त्याचं उत्तर, "कुठे? एरर काय येतोय?" सकाळी मी एरर चिकटवला, तो परत झोपलेला. मग रात्री त्याने पूर्ण लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली नोंद, मागितला. असे तीन दिवस गेले, आणि निघालं काय, तर एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या (सर्व्हरच्या एका सेटिंगच्या) शेवटी चुकून पडलेली एक स्पेस!! ऑफिसात शेजारच्याने मान वळवून बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम.

तेव्हापासून मी प्रश्न विचारते तो पत्र लिहिल्यासारखा. काय करत होते, काय व्हायला हवं होतं, काय झालं, अख्खा लॉग, काय काय करून बघितलं, आणि सगळ्यात खाली एक ओळ: तुझं उत्तर येईपर्यंत मी अमुक करून पुढे जातेय. ही शेवटची ओळ मला कोणी शिकवली नाही, पण माझे अर्धे दिवस तिनेच वाचवलेत.

लिहिण्याची ही सवय कुठवर जाऊ शकते ते बघायचं तर गिटलॅब बघा. प्रोग्रॅमरांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी ती कंपनी पहिल्यापासून रिमोट, कामाच्या पद्धतींचं हँडबुक कोणालाही वाचता येईल असं उघडं ठेवलेलं. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी (सगळा डेटा असलेला फोल्डर) उडवली, थांबवेपर्यंत 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते आणि बॅकअपचे एकामागून एक उपाय निकामी निघाले. साधारण सहा तासांचा डेटा गेला. पण दुरुस्ती चालू असताना काय चाललंय ते सगळं त्यांनी उघड्या गूगल डॉकमध्ये लिहिलं आणि यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. माझ्या आधीच्या, ऑफिसवाल्या कंपनीत असं झालं असतं तर पहिला तास दार लावून कुजबुजण्यात गेला असता.

आता दुसरी बाजू. न लिहिलेलं काम इथे झालेलंच नसतं. रिमोटमध्ये फक्त कामाला किंमत आहे, चेहरा दाखवायला नाही, असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. निकोलस ब्लूम वगैरे अर्थतज्ज्ञांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवर नऊ महिने प्रयोग केला होता, 2015 मध्ये छापून आला. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, पण तेवढ्याच कामाला प्रमोशन मिळायचं प्रमाण मात्र घटलं, आणि प्रयोग संपल्यावर त्यातले निम्मे लोक आपणहून ऑफिसात परत गेले, एकटं वाटतं म्हणून. तिथे निदान ऑफिसात दिसणारे आणि न दिसणारे असे दोन गट होते. आमच्याकडे कोणीच कोणाला दिसत नाही, मग दिसतो तो लिहिणारा. ज्याचं इंग्रजी सफाईदार, ज्याचे डॉक लांबलचक, तो हुशार.

आणि गेल्या दोनतीन वर्षांत एआयने तर यात पाणीच घातलंय. पूर्वी एखादा तीन ओळींत मोडकंतोडकं लिहायचा पण त्याला काय म्हणायचंय ते कळायचं, आता चार पानांचं गुळगुळीत डॉक येतं आणि यातलं याने स्वतः किती विचार करून लिहिलंय ते शेवटपर्यंत कळत नाही. मग वाचणाराही त्याचा सारांश एआयकडूनच काढतो. म्हणजे लिहिलं कोणी नाही, वाचलं कोणी नाही, आणि वर सगळ्यांचा थम्सअप.

तो स्पेस शोधून देणारा सहकारी, आमच्या टीममधला माझ्या मते सगळ्यात पक्का माणूस. पण त्याला लिहायचा भयंकर कंटाळा. वर्षअखेरीच्या रिव्ह्यूत त्याला "व्हिजिबिलिटी कमी" असा शेरा मिळाला. त्यानंतर कंपनीने सगळ्यांना एकत्र बोलावलं, चार दिवस. मी त्याला पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं, इतका उंच असेल असं वाटलंच नव्हतं, स्क्रीनवर सगळे सारखेच दिसतात. जेवणाच्या टेबलावर त्याने कागदी नॅपकिनवर आमच्या जॉब क्यूचं (कामं रांगेत लावून एकेक उरकणाऱ्या यंत्रणेचं) अख्खं डिझाइन काढून दाखवलं, कुठे अडतं, का अडतं, दहा मिनिटांत. आम्ही आठ महिने ज्याच्यावर डॉक लिहीत होतो ते! मी नॅपकिनचा फोटो काढून डॉकमध्ये टाकला, खाली त्याचं नाव घातलं.

तरी त्याने तीन महिन्यांनी राजीनामा दिला, ऑफिस असलेल्या कंपनीत गेला. मध्यंतरी विचारलं कसं चाललंय, तर म्हणाला, येण्याजाण्यात रोजचे दोन तास जातात, आवाजाने डोकं उठतं, पण भिंतीवर व्हाइटबोर्ड आहे.