‘जर्मनीत पाचला लॅपटॉप बंद’ म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, मला तो मामाकडून आला, जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि कॉलेजच्या ग्रुपवर तर दर आठवड्याला कुणीतरी नव्याने टाकतंच. मजकूर साधारण असा: “हिंजवडीत १२ तास काम, वर दोन तास ट्रॅफिक. जर्मनीत पाचला लॅपटॉप बंद, वर्षाला ३० सुट्ट्या, ६० लाख पगार, संध्याकाळ सगळी फॅमिलीला, शाळा फुकट, दवाखाना फुकट, नोकरी जायची भीती नाही, जर्मन यायलाच पाहिजे असं नाही, आणि पाच वर्षांत पासपोर्ट. इथे का सडताय?”

मी स्टुटगार्टजवळ राहते, ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि परत यायचा सध्या तरी विचार नाहीये, त्यामुळे कोल्ह्याला द्राक्षं आंबट असा हा प्रकार नाही. पण हा मेसेज वाचून लोक राजीनामे टाकायच्या गोष्टी करायला लागलेत म्हणून एकेक मुद्दा घेते.

“पाचला लॅपटॉप बंद.”

हे बऱ्यापैकी खरंय. इथे कामाच्या तासांचा कायदा आहे, दिवसाला आठ तास, फार तर दहा, तेही पुढच्या काही महिन्यांत सरासरी परत आठवर आणायची, आणि एक दिवस संपून दुसरा सुरू होईपर्यंत मधे ११ तास सुट्टी मिळालीच पाहिजे. आणि हे नुसतं कागदावर नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत कामगारांनी निवडून दिलेली कमिटी असते, तुम्ही दहा तासांच्या वर वेळ भरलीत तर बोलणी तुमच्या मॅनेजरला बसतात. आपल्याकडे २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, २०२५ मध्ये एल अँड टीचे चेअरमन ९० तासांवर गेले, त्या मानाने हे स्वर्गच.

पण हे सगळं कुणाला? जर्मन कंपनीच्या पेरोलवर असलेल्याला. आपल्यातले कितीतरी जण भारतीय सर्व्हिस कंपनीकडून ऑनसाइट, म्हणजे इथे क्लायंटच्या जागी कामाला येतात. कायदा त्यांनाही तोच लागू आहे हो, पण मॅनेजर पुण्यातला, टीम पुण्यातली आणि क्लायंट जर्मन. पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच, म्हणजे पुण्याच्या टीमचा कॉल उठल्या उठल्या, मग दिवसभर क्लायंट, आणि टाइमशीटमध्ये गुपचूप आठ तास. तक्रार कोण करणार, व्हिसा त्याच कंपनीच्या नावावर आहे ना. हा माणूस फक्त जागा बदलून आलेला असतो.

“वर्षाला ३० सुट्ट्या.”

कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० आहेत, पण चांगल्या कंपन्या २८-३० देतात हे खरं. शिवाय आजारी पडलात तर ती सुट्टी यातून जात नाही, सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कंपनीच देते. रजेवर असताना ताप आला आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं तर तेवढे रजेचे दिवससुद्धा परत मिळतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एचआरला दोनदा विचारलं होतं.

पण या सुट्ट्या जातात कुठे ते कुणी सांगत नाही. माझे जर्मन सहकारी ऑगस्टमध्ये तीन आठवडे क्रोएशियाला जाऊन नुसते पडून राहतात. आमचे तीन आठवडे पुण्याला जातात आणि त्या पुण्याच्या सुट्टीत काय होतं: बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही येईपर्यंत थांबवलेलं असतं, बँकेत केवायसी लटकलेली असते, फ्लॅटचा भाडेकरू बदलायचा म्हणून ॲग्रीमेंट, एक लग्न, दोन बारशी, सासरी चार दिवस माहेरी चार दिवस आणि त्यावरून रुसवेफुगवे. परतीच्या विमानात बसलं की वाटतं आता खरी सुट्टी पाहिजे. उरलेल्या दिवसांतले निम्मे पाळणाघर बंद असतं त्या दिवसांत संपतात. ज्याचं सगळं आयुष्य एकाच गावात आहे त्याला ३० दिवस म्हणजे ३० दिवस, आपलं अर्धं घर तिकडे असतं त्यामुळे आपल्या हातात तेवढे उरत नाहीत.

आणि “आईबाबांना घेऊन जा की मग!” म्हणणाऱ्यांसाठी: मार्च २०२४ नंतर ज्या कुशल कामगारांना पहिल्यांदा परमिट मिळालं त्यांना आईवडिलांना आणायची सोय कायद्यात आलीये खरी. अडतं कुठे, तर त्यांच्या हेल्थ इन्शुरन्सवर. सरकारी विमा या वयात नव्याने घेत नाही आणि प्रायव्हेटवाले बीपी-शुगर ऐकूनच एकतर नाही म्हणतात किंवा असा आकडा सांगतात की आपणच नको म्हणावं.

“६० लाख पगार.”

६०,००० युरो गुणिले शंभर, झाले साठ लाख, हा हिशोब करणाऱ्याने सॅलरी स्लिप पाहिलेली नसते. एकट्या माणसाला टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा वगैरे कापून महिन्याला साधारण ३१०० ते ३२०० युरो हातात येतात. लग्न झालेलं असेल आणि जोडीदार कमवत नसेल तर टॅक्स क्लास बदलून चार-पाचशे वाढतात. स्टुटगार्ट किंवा म्युनिकला बरं दोन खोल्यांचं घर हीटिंगसकट १४०० च्या आत मिळालं तर पेढे वाटा, आणि ते घर बहुतेक वेळा किचनशिवाय मिळतं, म्हणजे ओटा, सिंक, शेगडी सगळं तुम्ही आणायचं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. घरात टीव्ही नसला तरी महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची फी द्यायचीच, यावर वाद घालून काही उपयोग नाही, मी घालून बघितलाय.

पैसे उरतात, नाही असं नाही. पण दोघं कमावत असतील तर.

“संध्याकाळ सगळी फॅमिलीला.”

पाचला सुटलं तरी घरी मावशी नाहीत हो. पोळ्या, भांडी, झाडू, संडास-बाथरूम, सगळं आपणच. दुकानं रविवारी बंद म्हणजे बंद, त्यामुळे शनिवारी रिकाम्या बाटल्या देऊन त्यांचं डिपॉझिट परत घ्यायला मशीनपुढे लाईन लावायची, आठवड्याचं सामान आणायचं. आणि आमच्या या स्वाबियन भागात ‘केअरवोखं’ नावाचा प्रकार आहे, एक पाटी बिल्डिंगमध्ये दारोदार फिरते, ती ज्याच्या दाराला लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा, बाहेरचा फुटपाथ झाडायचा, बर्फ पडला तर सकाळी ऑफिसच्या आधी तो फावड्याने काढायचा. आमच्या शेजारच्या आजींनी जिन्याच्या कोपऱ्यात बोट फिरवून मला धूळ दाखवली होती. कोथरूडमध्ये सासूबाईंनीही कधी तेवढं केलं नाही. पुण्यात ट्रॅफिकमध्ये जातो तो वेळ इथे या सगळ्यात जातो. फरक एवढाच की इथे नवराही पोळ्या लाटायला शिकतो, तो फायदा मात्र मी मान्य करते.

“शाळा फुकट, दवाखाना फुकट.”

सरकारी शाळा फुकट, हो. पण बरेच ठिकाणी प्राथमिक शाळा दुपारी सुटते, पुढे मुलाला सांभाळणार कोण? त्यासाठी वेगळी जागा शोधायची. वर्षाच्या मुलापासून पाळणाघराची जागा हा २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे, आणि तरी लोक पोटात बाळ असतानाच नंबर लावतात.

दवाखाना फुकट नाही, वर्षाला ६०,००० पगार असेल तर विम्याचे महिन्याला चारशेच्या वर युरो तुमच्याच स्लिपमधून जातात. स्किनच्या डॉक्टरची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची मिळते, आपल्यासारखं संध्याकाळी क्लिनिकमध्ये जाऊन नंबर लावला असं नाही. मात्र ॲडमिट व्हायची वेळ आली तर दिवसाला १० युरो भरायचे, तेही वर्षात २८ दिवसांपर्यंतच. कॅशलेसचं अप्रूव्हल येईना म्हणून डिस्चार्ज अडलाय हा प्रकार इथे नाही. यासाठी ते चारशे मी आनंदाने देते.

“नोकरी जायची भीती नाही.”

हे लिहिणाऱ्याने पेपर वाचणं सोडलंय का? फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त नोकऱ्या कमी करायचा करार केला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने त्याच वर्षी जर्मनीतल्या १४,००० पर्यंत कमी करू म्हणून सांगितलं, बॉशने २०२५ मध्ये आणखी १३,००० चा आकडा दिला. चाकणवाल्यांना ही नावं मी नव्याने सांगायला नको. जुन्या लोकांना पैसे देऊन, लवकर रिटायर करून सांभाळून घेतात, खरंय, पण नव्याला सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिसीवर घरी पाठवता येतं. मग ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना मिळणाऱ्या नोकरीच्या परमिटवर, पहिल्या दोन वर्षांत साधारण तीन महिने मिळतात दुसरी शोधायला, आणि तोपर्यंत बेकारी भत्ता मिळायला किमान १२ महिने हप्ते भरलेले लागतात. नोकरी, व्हिसा आणि घर एकाच खुंटीला टांगलेलं असताना रात्री झोप कशी लागते ते त्या फॉरवर्डवाल्याने येऊन बघावं.

“जर्मन यायलाच पाहिजे असं नाही, पाच वर्षांत पासपोर्ट.”

बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये चालेल. आमच्याकडे मीटिंग इंग्लिशमध्ये होते आणि खरा निर्णय कँटीनमध्ये जर्मनमध्ये होतो. ब्लू कार्डवर जर्मनची बी-वन ही मधली पातळी असेल तर २१ महिन्यांत कायमचं परमिट, नुसतं ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी, असेल तर २७. पासपोर्टसाठी इथे पाच वर्षं झाली तरी बी-वन लागतंच, आणि भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो ते वेगळं.

आता राहिला शेवटचा प्रश्न, “इथे का सडताय?” हे वाक्य मला सगळ्यात खटकतं, कारण पुष्कळदा त्याच्याखाली एजंटचा नंबर असतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या आमच्या स्टुटगार्टच्या राज्याबरोबर १०,००० कुशल कामगारांचा करार केला तेव्हापासून अशा नंबरांना जास्तच ऊत आलाय. अपॉर्च्युनिटी कार्ड हे नोकरीचं लेटर म्हणून विकतात. ते नोकरी शोधायला यायचं परमिट आहे, त्यावर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १०९१ युरो याप्रमाणे वर्षभराचे पैसे आधी दाखवावे लागतात. आणि हातात खरंच ऑफर असेल तर काँट्रॅक्टमध्ये दोन गोष्टी बघा, एक म्हणजे सही करणारी कंपनी पुण्याची की जर्मनीची, आणि दुसरी, ओव्हरटाइम पगारातच धरलाय असं बारीक अक्षरात एक वाक्य कुठे आहे का. एजंटला या दोन्ही गोष्टी विचारा, तो म्हणेल ते फॉर्मॅलिटीपुरतं असतं हो ताई, तेव्हा चेकबुक परत पर्समध्ये ठेवा.